गाडीच्या आत पाणी येतंय? खान्देशातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जूनचा पहिला दणका पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या फोनवर ओल्या कार्पेटचे फोटो येतात. जळगावात गाड्यांच्या एसीचं आणि आतल्या फिटिंगचं काम करतो, म्हणून लोक हक्काने विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा बसून लिहून काढली. प्रश्न विचारले गेले साधारण तसेच ठेवलेत. एकाच गोष्टीची दोनदा उस्तवार नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. भाऊ, गाडीमा पानी कथाईन येस? (पाणी कुठून येतं?)

पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं, एवढं आधी डोक्यात घ्या. ज्यांचं लहानपण धाब्याच्या घरात गेलंय त्यांना हे समजावायला नको. थेंब पडायचे चुलीपाशी आणि भोक निघायचं पार ओसरीच्या अंगाला, कारण पाणी कडीपाटावरून वाट काढत यायचं. खाली पातेलं ठेवून भागत नसे, वर चढून खारी माती टाकावी लागे. गाडीतही पाणी दोन पत्र्यांच्या मधून, वायरींच्या जुडग्यावरून, कार्पेटखालच्या फोमातून सरकत जातं आणि भलतीकडे वर येतं.

शिरायच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. एसीची निचऱ्याची नळी (प्रश्न ३), वायपरखालची जाळी (प्रश्न ४), दाराच्या आतली प्लास्टिक शीट (प्रश्न ७), दारांची रबरं (प्रश्न ८), डिकी आणि टेललॅम्प (प्रश्न ९), सनरूफच्या नळ्या (प्रश्न १०), पुढची काच (प्रश्न ११). शिवाय वायरिंगसाठी पाडलेली भोकं आणि फ्लोअरचे निघालेले रबरी बूच. माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांची गळती यातल्या पहिल्या तीन जागांतच सापडली.

२. हे पावसाचंच पाणी आहे की दुसरं काही, कसं ओळखू?

पांढरा टिश्यू ओल्या जागी दाबा, बघा आणि हुंगा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर एसीचं. मातकट असेल, बारीक कचरा असेल तर पावसाचं किंवा धुलाईचं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे. म्हणजे डॅशबोर्डाच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचा पाइप गळतोय. अशा वेळी काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि बोनटखालच्या टाकीतली पातळी उतरत जाते. कूलंट विषारी असतं, चव घेऊन बघू नका. गळती लांबली तर इंजिन गरम होऊन मोठं काम निघेल.

फक्त ड्रायव्हरच्या पायाशी, पेडलच्या वर, बुळबुळीत ओल असेल तर क्लच किंवा ब्रेकचं ऑइल असू शकतं. त्यात थांबायचं नाही. गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलवा.

आणि हो, डिकीतला पाण्याचा जारही बघा. मी एकदा अख्खी मागची बाजू उघडली होती आणि शेवटी चिरलेला वीस लिटरचा जार निघाला. त्या गिऱ्हाइकाने मजुरी दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

३. पाऊस नाही, काही नाही, तरी क्लीनर साइडची मॅट ओली. एसी लावला की वाढतं.

एसीच्या निचऱ्याची नळी बुजली आहे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा एसीच्या कॉइलला येतो. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि एका रबरी नळीने गाडीखाली पडतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ही कॉइल डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. म्हणून क्लीनर साइड भिजते.

मे महिन्यात खान्देशची हवा इतकी कोरडी असते की पाणी फार बनतच नाही. नळी अर्धी बुजली तरी पत्ता लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा आली की तीच कॉइल तासाभरात अर्धा लिटर पाणी सहज टाकते आणि ट्रे ओसंडतो. त्यामुळे लोकांना वाटतं पाऊस शिरला.

तपासायला सोपं आहे. पावसाळी दिवसात गाडी सपाट, कोरड्या जागी उभी करा. एसी वीसेक मिनिटं चालू ठेवा आणि वाकून खाली बघा. थारोळं दिसलं तर नळी मोकळी आहे. खाली कोरडं ठणठणीत आणि आत ओल, म्हणजे निदान झालं. वळणावर डॅशबोर्डातून खळखळ ऐकू येत असेल तर ट्रे भरलाय हे नक्की.

नळीत काय असतं? काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू आणि ओल यांचा मिळून झालेला चिखल. गाडीखालून नळीचं तोंड शोधून ते हाताने दाबून मोकळं करा, हलकी हवा मारा. साधारण भळकन पाणी येतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. लांब तार किंवा स्क्रूड्रायव्हर वर खुपसू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस जाईल आणि दोन पैशांच्या कामाचा हजारोंचा खर्च होईल. एसीची कॉइल नुकतीच काढून बसवली असेल तर वेगळाच घोळ असतो: नळी परत जोडलेलीच नसते, किंवा बाहेर काढायच्या ऐवजी कार्पेटखाली राहते.

४. एसी बंद होता. पाऊस पडला तेव्हाच पुढे पायाशी पाणी आलं.

गाडी निंबाखाली लावता का, हा माझा पहिला प्रश्न असतो. लावतच असता, कारण भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांत सावली सोडणार कोण! पण निंबाची बारीक पानं, चैत्रातला मोहर आणि नंतरच्या निंबोळ्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात. त्या जाळीखाली एक पन्हाळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरून दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांमागे पडतं. भोकं बुजली की पन्हाळीचं तळं होतं आणि पाणी एसीच्या हवा ओढायच्या तोंडातून आत उतरतं.

बोनट उघडून काचेच्या पायथ्याशी मगाने हळूहळू पाणी ओता. दोन्ही बाजूंनी ते लगेच खाली पडायला हवं. ग्लोव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर काढून बघा. तो भिजलेला असेल तर पाणी वरून, याच वाटेने आलंय. प्रश्न ३ मधल्या गळतीत तो कोरडा असतो.

सफाई हाताने करा. वायपर आणि जाळी काढून कचरा मुठीने बाहेर काढा. प्रेशरने पाणी मारलं तर कचरा भोकात आणखी घट्ट बसतो. जुन्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखालचा पत्राही बघा, तो गंजून आरपार गेलेला असू शकतो.

५. नेमकी जागा घरच्या घरी कशी शोधायची?

दोन माणसं लागतात, एक बाहेर पाइप धरणारा आणि एक आत टॉर्च घेऊन बसणारा. मॅट काढा, उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचका, कार्पेट शक्य तितकं दुमडा. आतला पत्रा फडक्याने कोरडा करा आणि त्यावर वर्तमानपत्र पसरा. कागदावर थेंब पडला की डाग लगेच उठतो. उभ्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याच्या ओघळाची रेघ स्पष्ट दिसते.

पाणी साध्या नळीने सोडायचं, वॉशिंगची गन नको. गनचं पाणी चांगल्या रबरातूनही घुसतं आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

सगळ्यात महत्त्वाचं, खालून वर जा. सुरुवात दाराच्या खालच्या कडेने करा, मग दार, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी छत. एकेका जागी पाच ते दहा मिनिटं थांबा. पहिल्याच झटक्यात छतावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून आत आलं ते कळत नाही. घाईच्या माणसाला हे काम देऊ नका. आत पाणी दिसलं की ओघळ हाताने वरच्या दिशेने माग काढत जा. वायरवरून येत असेल तर वायरच्या सगळ्यात खालच्या झोळाला थेंब लटकतो, पण भोक वर असतं. सापडलेल्या जागेला खडूने खूण करा आणि पुढचंही तपासा. दोन गळत्या एकदम असणं नवलाचं नाही.

उन्हाळ्यात ज्यांच्या गल्लीत नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही त्यांनी हा उद्योग मृग लागल्यावर करावा, नाहीतर शेजारी बोलणं बंद करतील.

६. पाइपने तासभर मारलं, थेंब नाही. धुळ्याहून सुरतेकडे निघालो की मात्र गळतं.

वेगात वाऱ्याचा दाब दाराच्या वरच्या चौकटीला किंचित बाहेर ओढतो आणि रबराची पकड सैल होते. उभ्या गाडीत ते दिसत नाही. त्याच दारातून वाऱ्याची शिट्टी येत असेल तर खात्री धरा. कोरड्या दिवशी दाराच्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून हायवेवर एक चक्कर मारा. शिट्टी थांबली तर दार तेच. मग दाराचं कुलूप पकडणारी कडी एखाद-दोन मिलिमीटर आत घेऊन दार घट्ट बसवता येतं. दुसरी शक्यता चाकांनी उडवलेल्या पाण्याची. ते खालून मारा करतं आणि फ्लोअरचा बूच निघाला असेल तर तिथून येतं. गाडीच्या पोटाला कोटिंग करून घेतल्यानंतर बूच न बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

७. दारात नवे स्पीकर बसवले आणि तेव्हापासून दाराखाली ओल आहे. संबंध आहे का?

आहे. दाराच्या पोकळीत पाणी जातंच, काचेच्या फटीतून रोज जातं. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. केबिन कोरडी ठेवण्याचं काम आतल्या पॅनलमागची प्लास्टिक शीट करते. ती काळ्या चिकट डिंकाच्या दोरीने चिकटवलेली असते. स्पीकर किंवा काच-मोटारचं काम करणारा ती फाडतो, नाहीतर वाळलेल्या डिंकावर नुसती टेकवतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीचं असंच झालं होतं. बसवणाऱ्याने शीट गोळा करून दाराच्या तळाशी कोंबली होती आणि निचऱ्याची भोकंही बुजवली होती.

उपाय: नवी जाड शीट कापा आणि बाजारात मिळणाऱ्या ब्युटाइल टेपने सगळ्या कडा बसवा. खालची कड विशेष जपून बसवा. शीटचं खालचं टोक दाराच्या पोकळीत उतरायला हवं, म्हणजे पाणी परत आत पडेल. दार हलवून डुबडुब ऐकू आली तर तळाची भोकं आगपेटीच्या काडीने मोकळी करा.

८. गाडी चारच वर्षांची आहे. रबर इतक्यात कसं जाईल?

चार वर्षं म्हणजे चार खान्देशी उन्हाळे. बंद गाडी उन्हात तापली की रबराची लवचीकता हळूहळू जाते. ते कडक होतं, चपटं होतं, कोपऱ्यात तडकतं. गळती मे महिन्यात तयार होते आणि जुलैत दिसते. पोटरीवर दाबल्यासारखं मऊ आणि परत फुगणारं रबर चांगलं, बोटाचा ठसा तसाच राहिला तर संपलं.

वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा ओढा जाणवायला हवा. जिथे पट्टी अलगद सुटते तिथे पकड नाही. किंवा रबरावर खडू घासून दार लावा आणि पत्र्यावर उमटलेली रेघ बघा. तुटली असेल तिथे पाणी शिरतं. नवं रबर त्याच मॉडेलचं घ्या. मीटरवर मिळणारी पट्टी जाडीत जमली तर ठीक, पण जास्त जाड असली तर दार आपटावं लागतं. काळजी म्हणून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. रॉकेल, डिझेल, खोबरेल लावू नका, रबर फुगून सैल पडतं.

९. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं.

टेललॅम्प काढून त्याची फोमची पॅकिंग बघा. बहुतेक वेळा तीच चपटी झालेली असते. नंतर डिकीचं रबर, मागच्या काचेची कड, छतावरचा अँटेना आणि कॅरिअरचे बोल्ट. मागच्या बंपरच्या आड हवा बाहेर सोडणारी प्लास्टिकची झडप असते, तिची पॅकिंगही गळते. डिकीत टॉर्च घेऊन कोणी लहान चणीचा माणूस बसवा आणि प्रश्न ५ प्रमाणे पाणी सोडा. डिकी बाहेरून उघडणारा माणूस जवळच उभा हवा, मुलांना आत बसवू नका. खड्ड्यातला तळाचा बूच काढून ठेवणं हा उपाय नाही, त्याने खालून धूळ आणि पाणी दोन्ही येतं.

१०. सनरूफ असलेल्या गाडीत छताच्या कापडावर डाग पडलाय. काच बदलावी लागेल?

बहुधा नाही. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर थोडं पाणी येऊ देतंच. ते चौकटीच्या पन्हाळीत पडून साधारण चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी पुढच्या-मागच्या खांबांतून खाली जातं. नळी बुजली किंवा टोकावरून निसटली की छत भिजतं. सनरूफ उघडून एकेका कोपऱ्यात अर्धा कप पाणी सावकाश ओता आणि कुठे बाहेर पडतं ते बघा. बुजली असेल तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी अलगद सरकवा. कॉम्प्रेसरची जोरात हवा मारू नका, नळी आतच सुटते आणि मग छत उतरवावं लागतं.

११. नवी काच बसवून आठवडा झाला आणि कोपऱ्यातून गळतंय.

बसवणाऱ्याकडेच परत न्या, हे त्याचं काम आहे. काच आता पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने चिकटवतात. जुना थर नीट न काढता, धुळीवर किंवा गंजावर लावला तर तिथे पकड होत नाही. वरून सिलिकॉनची रेघ मारून देऊ लागला तर नको म्हणा. पुढची काच गाडीच्या मजबुतीचा आणि एअरबॅगच्या आधाराचा भाग असते. काच काढून पुन्हा बसवणं हेच योग्य.

१२. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन सगळीकडे मारून टाकलं तर?

नका. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन पत्रा गंजवू शकतं. वर पुढे खरं सीलंट लावायचं तर सिलिकॉनच्या थरावर ते धरत नाही. शिवाय निचऱ्याची भोकं बंद करून ठेवलेल्या गाड्या मी दरवर्षी बघतो. पाणी बाहेर जायची वाट बुजवली की ते आत येणारच. पत्र्याच्या सांध्याला पीयू सीलंट, शीट आणि टेललॅम्पला ब्युटाइल. तेही जागा सापडल्यावर आणि पूर्ण कोरडी करून.

१३. गळती थांबली. कार्पेट उन्हात वाळतंच ना?

वरचं कापड वाळतं, खालचा फोम नाही. तो चार-पाच लिटर पाणी पिऊन बसतो आणि वरून हात लावला तर कोरडा वाटतो. आधी पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने काढा. मग कार्पेट उचलून खाली रिकाम्या बाटल्या ठेवा आणि टेबलफॅन दोन-तीन दिवस चालू ठेवा. ऑक्टोबर हीट असेल तर काचा दोन बोटं उघड्या ठेवून ऊन कामाला लावा.

सीट काढायची असेल तर खालच्या पिवळ्या कनेक्टरपासून सावध, ते एअरबॅगचे असतात. इग्निशन बंद करून बॅटरीची मायनस वायर काढा, किमान दहा मिनिटं थांबा. खात्री नसेल तर हे काम गॅरेजवर करून घ्या.

१४. पाणी दिसत नाही, पण कुबट वास येतो आणि सकाळी काचा आतून धुरकट असतात.

फोम अजून ओला आहे, प्रश्न १३ करा. गाडी बंद हवेवर चालवत असाल तर कार्पेटची ओल वाफ होऊन केबिनमध्येच फिरत राहते, म्हणून बाहेरची हवा चालू ठेवा. वास फक्त एसी लावताना पहिली दोन मिनिटं येत असेल तर कॉइलवरची बुरशी आहे. घरी पोहोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवायची सवय लावा. डांबराच्या गोळ्या आणि सेंटने वास झाकला जातो, एवढंच.

१५. ओल आल्यापासून सेंट्रल लॉक आपोआप लागतं, एअरबॅगचा दिवा पेटतो.

अनेक गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल बॉक्स सीटखाली, उंबऱ्यालगत किंवा डॅशबोर्डाच्या कोपऱ्यात असतात. पिनांवर हिरवट थर चढला की विचित्र गोष्टी सुरू होतात. कार्पेट वाळायची वाट न बघता इलेक्ट्रिशियनकडे जा. जोड कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात, पण उशीर झाला तर बॉक्सच बदलावा लागतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलजवळ हातही नेऊ नका.

१६. सीएनजी किट बसवल्यावर पायाशी ओल आली.

वायरिंग इंजिनाकडून केबिनमध्ये नेण्यासाठी पत्र्याला नवं भोक पाडलं असेल आणि त्यात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) बसवला नसेल. फॉगलॅम्प, मोठे हॉर्न, गाडी शोधायचा ट्रॅकर, सगळ्यांचं हेच. ग्रोमेट बसवा. बाहेरच्या बाजूला वायरला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळेल.

१७. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर हेच सगळं करायचं?

नाही, ते प्रकरणच वेगळं. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात पूर आला तेव्हा ज्यांनी पाणी ओसरताच चावी फिरवली त्यांनी इंजिन गमावण्याचा धोका पत्करला. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी लावू नका, जमलं तर बॅटरी काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करा.

१८. विमा मिळेल का?

पुराच्या नुकसानीला स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी लागते, नुसती थर्ड पार्टी चालत नाही. पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनासाठी सहसा वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. जुनं रबर किंवा बुजलेली नळी ही झीज आणि देखभालीची बाब, तिचा दावा बसत नाही.

१९. सगळं तपासलं. सुरतेला वर्षभर कोरडी. कानुबाईच्या सणाला गावी आलो की गळते.

हा प्रश्न मला फार आवडला. गाडी तीच, पाऊसही तसाच. शेवटी विचारलं, गावी लावता कुठे? घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून. सुरतेला पार्किंग सपाट. सनरूफची पुढची उजवी नळी बुजली होती. सपाट जागी मागच्या नळ्या पाणी ओढून नेत होत्या, उतारावर सगळं पाणी पुढच्या कोपऱ्यात जमून खांबातून ड्रायव्हरच्या पायाशी येत होतं. तेव्हा प्रश्न ५ ची चाचणी सपाट जागी कोरडी निघाली तर गाडी तोंड खाली आणि मग तोंड वर अशी उभी करून पुन्हा करा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा.